चैतातल्या पहाटा आणि तांबी

‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणतात, पण साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्यावर ती अजून थोडी रेंगाळलेली असते. पहाटे साडेपाचला पायथ्याच्या अदालतवाड्यापासून चढाला लागलो की दरीच्या बाजूनं येणारा वारा कानाला झोंबतो. तांबी, माझी कुत्री, त्या वेळी नुसती उधळलेली असते. शेपटी वर, कान पुढे, आणि माझ्या कमरेच्या पट्ट्याला बांधलेली दोरी ताणून मला वर ओढत असते. साडेसातला याच रस्त्याचं डांबर तापायला लागतं. आम्हाला मिळतात ते मधले दोन तास, आणि वर्षातले जेमतेम सहा-सात आठवडे. पावसाळ्यात चढावर शेवाळ, मे महिन्यात पहाटेही उकाडा. म्हणून फाल्गुन-चैतातली एकही पहाट मी सहसा सोडत नाही.

तांबी गावठी आहे, रंग नावाप्रमाणे. चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात घरामागच्या गटारीतून तिला काढली तेव्हा ती माझ्या ओंजळीत मावत होती. दीड वर्षाची होईपर्यंत तिला पळवलं नाही, फक्त वाटेवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत चालत न्यायची. हाडं भरायच्या आधी कुत्र्याला डांबरावर पळवलं तर सांधे कायमचे दुखावू शकतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. नंतर गळ्यातला पट्टा काढून छातीवरून जाणारा हार्नेस घेतला. चढावर ती ओढते, आणि गळ्यावर ओढ आली की धाप लागलेल्या जनावराचा श्वास आणखी कोंडतो.

गेल्या वर्षी माझ्या डोक्यात हिल हाफ मॅरेथॉन होती. एकवीस किलोमीटर, त्यात यवतेश्वरचा घाट. एप्रिलपासूनच मी अंतर वाढवायला घेतलं होतं. एका शुक्रवारी घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. आंब्याची डाळ, पन्हं, रात्री अकरापर्यंत भांडी. शनिवारी जाग आली ती सातला. तरीही निघाले, कारण वहीत त्या दिवशी बारा किलोमीटर लिहिलेले होते.

किल्ल्यावर जाऊन खाली आलो आणि मी पुन्हा चढाला वळले. पावणेनऊ झाले असतील. दोरी ढिली पडली. तांबी कधीच मागे राहत नाही, आणि आज ती माझ्या मागे होती. मला वाटलं, दमली असेल, जरा पुढं गेलं की सावली आहे. ती आली. मी म्हटलं म्हणून आली. वळणावर तिचे मागचे पाय झोकांड्या खायला लागले, तोंडातून चिकट लाळ लोंबत होती, जीभ टोकाशी चमच्यासारखी पसरलेली आणि हिरड्या विटेसारख्या लाल.

तिथं एक म्हातारे गृहस्थ शेळ्या घेऊन चालले होते. त्यांनी काही न विचारता तिला उचलून पांगाऱ्याखाली ठेवली आणि आपला पाण्याचा कॅन उघडला. मी तिच्या डोक्यावर ओतायला लागले तर म्हणाले, “ताई, डोस्क्यावर न्हवं. पोटावर ओता, जांगंत ओता. आन् ह्यो टावेल तिच्यावर टाकू नगा, वारं घाला त्येनं.”

पाणी ओतत, वारा घालत आम्ही पंधरा मिनिटं बसलो. तिनं मान वर केली तेव्हा मी रडत होते. ते म्हणाले, “मुकं जनावर हाय. तुमी पळताय तवर त्ये पळणार. न्हाई म्हणायचं त्येला ठावं न्हाई.”

दवाखान्यात पोचलो तेव्हाही तिचा ताप 105 होता. कुत्र्याचा नेहमीचा ताप 101 ते 102.5 फॅरनहाइट. डॉक्टर म्हणाले, तिथल्या तिथं पाणी ओतलं म्हणून वाचली, तशीच गाडीत घालून आणली असती तर कठीण होतं. आपल्याला घाम येतो, वाऱ्यानं तो सुकतो आणि अंग निवतं. कुत्र्याला घाम फुटतो तो बहुतेक फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी बहुतेक उष्णता त्यानं धापेतून बाहेर टाकायची. ओला टॉवेल पांघरला तर वाफ आतच कोंडते. त्या मामांना हे कुणी शिकवलं ते मला विचारायचं राहून गेलं. नंतर दोनदा त्या वळणावर थांबले, भेटले नाहीत.

ती शर्यत मी धावले नाही, आणि वही आता घरीच राहते. निघण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघते. ठेववत नसेल तर त्या रस्त्यावर तिचे पंजेही नकोत. दर वीस मिनिटांनी थांबायचं, ओंजळीतून पाणी पाजायचं, जीभ बघायची. टोक रुंद व्हायला लागलं की मागं वळायचं, मग किल्ल्याचा दरवाजा समोर दिसत असला तरी. घरी आल्यावर धाप बसेपर्यंत खायला नाही, मग दहीभात.

वसंतात डोंगर बघायला सुंदर असतो, पण तिच्यासाठी तो धोक्याचा. गवत वाळलेलं असतं आणि कुसळं तिच्या बोटांच्या बेचक्यात शिरतात, कधी कानात. ती आत आत सरकत जातात, म्हणून रोज दारात बसून चारही पंजे उघडून बघते. गोचिडाही याच वेळी. शिवाय वणवे. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं, या समजुतीनं लावलेली आग रात्रभर उतारावर पळताना आमच्या गच्चीवरून दिसते. परवा एका जळलेल्या उतारावर तांबी थबकली आणि पाय उचलून उभी राहिली. वरची राख निवली होती, खाली निखारा होता. त्या उतारावर मागच्या महिन्यात करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या, वास रस्त्यापर्यंत यायचा. आग लावणाऱ्यांनी एकदा तिथं येऊन उभं राहावं असं फार वाटतं.

आणि टिटव्या. मोकळ्या माळावर दगडांच्या मधे, नुसत्या जमिनीवर त्या अंडी घालतात, दगडाच्याच रंगाची. मार्चपासून त्यांचा हंगाम सुरू होतो. त्यामुळे दोरी सोडायची नाही. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली की आम्ही आल्या वाटेनं परततो. तांबीला ते पटत नाही, दोन-तीनदा वळून बघते, पण येते.

वर मंगळाईच्या बुरुजापाशी गेलो की मला 1700 सालचा एप्रिल आठवतो. याच महिन्यात औरंगजेबाच्या सैन्यानं इथं सुरुंग उडवले होते. प्रयागजी प्रभू किल्ला लढवत होते. याच तापत्या काळ्या दगडावर माणसं महिनोन्‌महिने दिवसभर उभी होती. मी तिथं पोचते सकाळी साडेसहाला, पाण्याची बाटली घेऊन, आणि तरी घसा सुकलेला असतो.

आज तिथवर गेलोच नाही. शेवटच्या वळणाच्या अलीकडे तांबी आपण होऊन बसली. जीभ ठीक होती, धापही फार नव्हती. नुसती बसली, आणि माझ्याकडे बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं मला थांबवलं. मी कमरेचा पट्टा सोडला आणि तिच्या शेजारी कठड्यावर बसले. जरंड्याच्या डोंगराच्या बाजूनं सूर्य वर येत होता, खाली कुठंतरी तांबट पक्षी टुक्‌ टुक्‌ करत होता. तिनं माझ्या मांडीवर हनुवटी टेकली. दहा मिनिटांनी तीच उठली, अंग झाडलं आणि उताराकडे तोंड केलं.