शांता आपटे गाते तेव्हा

आमच्या गाण्याच्या बाईंचा दंडक आहे: गाताना हात मांडीवर ठेवायचे आणि तोंड वेडंवाकडं करायचं नाही. त्यांच्या क्लासात जुन्या मराठी सिनेमातली गाणारी नटी शांता आपटे चार दिवससुद्धा टिकली नसती.

'कुंकू' मी तुकड्यातुकड्यांनी पाहिला, तोही गाण्यांसाठी. प्रभात फिल्म कंपनीचा 1937 चा सिनेमा, दिग्दर्शन शांतारामबापूंचं, म्हणजे व्ही. शांतारामांचं. मामाने फसवून म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधलेली नीरू म्हणजे शांता आपटे. गाणी राहिली बाजूला, मी अडकले तिच्या भुवयांत. त्या काळी पडद्यावर गाणं आलं की अभिनय जरा बाजूला ठेवायचा रिवाज होता. जागच्या जागी उभं राहून गायचं आणि गाणं संपलं की परत नाटक. हिचं गाणं सुरू झालं तरी नीरू नीरूच राहते. मान झटकते, डोळे वटारते, एखादा शब्द असा फेकते की समोरच्याला लागलाच पाहिजे. मध्येच चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते! आधी हसू येतं, मग येत नाही. त्यात या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही, घरातले नि रस्त्यावरचे आवाज तेवढे. गळ्याला लपायला आडोसाच नाही.

आवाज फार मोठा नाही, हे मान्य. शास्त्रीय गायिका हिराबाई बडोदेकरांच्या रेकॉर्डनंतर लगेच हिची लावू नये. पण हिराबाईंना नीरू जमली असती का, हेही विचारावं.

त्याआधी 1934 च्या 'अमृतमंथन'मध्ये ती होती, नंतर 1938 च्या 'गोपाळकृष्ण'मध्ये राधा झाली. राधा गोड आहे, पण माझा जीव नीरूवरच.

पडद्याबाहेरही बाई मवाळ नव्हती. 1939 साली करारावरून बिनसलं तेव्हा ती पुण्यात प्रभातच्या फाटकापाशी उपोषणाला बसली. एवढी गाजलेली नटी मालकांच्या दारात उपाशी बसलेली, काय चर्चा झाली असेल गावात! पुढच्याच वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' हे तिचं पुस्तक आलं. सिनेमाच्या धंद्यावर आतल्या बाईने मराठीत लिहिलेलं, तेही 1940 मध्ये. तिच्या गाण्यांइतकीच या पुस्तकाची आठवण निघायला हवी होती, पण लोक उपोषणाचा किस्सा सांगून थांबतात.

मला सगळ्यात थक्क करते ती 1941 ची तमिळ 'सावित्री'. प्रभातमधून बाहेर पडलेली ही मराठी मुलगी तमिळ शिकली, थेट सावित्रीची भूमिका केली आणि गाणीही स्वतःच गायली. नारद कोण, तर एम. एस. सुब्बलक्ष्मी! परक्या भाषेत, अशा गळ्याशेजारी उभं राहून गायचं म्हणजे छाती लागते.