वयं कळली आणि ‘री’ लागली

सांगली, शुक्रवार, रात्री

सोमवारच्या तासाला कानडी आकडे झाले. इप्पत्तु, मूवत्तु, नलवत्तु (वीस, तीस, चाळीस) असं नुसतं घोकून डोक्यात काही राहत नाही, म्हणून बाईंनी प्रत्येकाला वयच विचारलं. निम्म वयस्सु एष्टु? उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं, चुकलं की परत.

आमचा तास फोनवर असतो. कॅमेरा कुणीच लावत नाही. कुणी जेवत असतं, कुणी मिरज स्टँडवर गाडीची वाट बघत असतं. त्यामुळे इतके महिने एकमेकांचे नुसते आवाज ओळखीचे. फोटोच्या जागी गणपती, गुलाब, एकाचा तर बैल. पहिल्याच दिवशी बाईंनी सांगून टाकलेलं, आपापसात सगळे ‘नीनु’, म्हणजे अरे-तुरे. आधी एकेरी क्रियापदं पक्की करा, मानपान मागाहून. बाई जत तालुक्यातल्या, सगळी नोकरी कन्नड शाळेत झालेली. त्यांच्यापुढं कोण बोलणार?

तर वयं. ज्या आवाजाला आम्ही सगळे टरकून असतो, दर वाक्याला ‘असं नाही, परत म्हण’ म्हणणारा, तो निघाला वीस वर्षांचा! मी तिला चाळिशीची मेट्रन समजत होतो. मिरजेत नर्सिंग शिकते. वॉर्डात अथणी-रायबागकडचे पेशंट येतात, त्यांच्याशी बोलून बोलून जीभ वळलेली. जन्म 2005 च्या महापुरातला. घर सांगलीवाडीला, सगळं पाण्यात. आईला दिवस भरलेले असताना नावेतून बाहेर काढलं म्हणे.

मग बैलवाले. त्यांनी आधी बाईंनाच विचारलं, ‘कागदावरचं सांगू का खरं?’ सगळे हसले, कारण सगळ्यांच्या घरात असा एक जण असतोच. पूर्वी शाळा जूनला सुरू व्हायची, पोराला आणून उभं केलं की मास्तर अंदाजानं वर्ष धरायचे आणि पुढं 1 जून लिहून मोकळे व्हायचे. आपल्याकडं 31 मेला निवृत्तीचे इतके हारतुरे होतात ते त्यामुळंच. यांचाही कागद 1 जून 1967 चा. खरा जन्म मात्र डिसेंबरमधला. कोयनेचा भूकंप झाला 11 डिसेंबरच्या पहाटे, तेव्हा ते चार दिवसांचे होते. शिराळ्याकडचं गाव, थंडीत बाळंतीण पोराला घेऊन अंगणात बसलेली. म्हणजे जिल्हा परिषदेतली सहा-सात महिन्यांची नोकरी मास्तरांनी खाल्ली. ते मात्र हे मजेत सांगतात. मुलगी गोकाकला दिली आहे, नातवंडं आजोबांशी कानडीतच भांडतात, म्हणून हा खटाटोप.

माझा नंबर आला. ननगे नलवत्तोंबत्तु वर्ष, म्हणजे एकोणपन्नास. मी मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी. सीमेपलीकडचे शेतकरी राजापुरी हळद घेऊन येतात, हिशोबाची पट्टी करताना हमालाला मध्ये घालून बोलावं लागतं, ते मला आवडत नाही. एवढंच कारण.

शेवटी तो खणखणीत आवाज. तासात सगळ्यात जास्त चुका त्याच्या आणि सगळ्यात जास्त हसायचाही तोच. आम्ही त्याला बिनधास्त ‘अरे, गप बस की’ म्हणायचो. तो म्हणाला, ‘ननगे एप्पत्तोंदु वर्ष.’ बाईंना वाटलं आकडा चुकला. त्यांनी मराठीत विचारलं. नव्हता चुकला, एकाहत्तरच. वर म्हणाले, ‘मी सांगली जिल्ह्यापेक्षा मोठा आहे बाई. माझ्या जन्माच्या दाखल्यावर दक्षिण सातारा आहे, सांगली हे नाव 1960 ला दिलं.’ कशासाठी शिकता, तर ‘बिनकामाचं. कामाचं सगळं शिकून झालं.’

हे सोमवारचं. आज तास सुरू झाला आणि पाच मिनिटांत कळलं, काहीतरी बिघडलंय. एरवी ‘ऊट आतेन?’ म्हणजे ‘जेवण झालं का?’ असं एकमेकांना विचारून सुरुवात होते. आज जो तो ‘ऊट आतेनरी?’ बेळगाव-जतकडची ती आदराची री सगळ्यांच्या वाक्यांना येऊन चिकटली. कुणी शिकवली नव्हती, बाजारात ऐकलेली. बैलवाल्यांना पोरगी ‘काका’ म्हणाली. मी तिला ‘बाळ’ म्हणालो, ते तिला अजिबात आवडलं नसणार. एकाहत्तरवाल्यांचं तर सगळे आजोबा करून मोकळे झाले. आजोबांनी क्रियापद चुकवलं, पोरगी गप्प. दुसरं चुकवलं, तरी गप्प. सोमवारपर्यंत हिनं त्यांना सोलून काढलं असतं.

मला वाटतं, आम्हाला इतके दिवस जे मिळालं होतं ते फार दुर्मीळ होतं. आपल्याकडं माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग वय अंदाजानं जोखतात, आणि दादा-मामा-काका यातला एक खण ठरला की पुढचं बोलणं त्या खणातून. मोठ्याची चूक लहानानं काढायची नाही हेही त्यातच आलं. इथं मात्र सगळे सारखेच तोतरे होते.

आजोबांनाही ते लागलं असावं. तिसऱ्या चुकीनंतर ते मराठीत म्हणाले, ‘पोरी, मी परवा वय सांगितलं ते आकडे पाठ व्हावेत म्हणून. तू चुका काढायच्या का थांबवल्यास?’

ती म्हणाली, ‘मग परत नीनु म्हणू?’

‘म्हण की.’

तिनं दम घेतला आणि म्हणाली, ‘नीनु बर्री.’ म्हणजे आपल्यातलं ‘तू या’.

हसून हसून बैलवाल्यांना ठसका लागला. बाईंनी मात्र चूक ती चूक धरली. दोघांनीही सोमवारी दहा क्रियापदं एकेरी-अनेकवचनी लिहून फोटो पाठवायचा आहे. आजोबा विचारत होते, पेन्सिलीनं लिहिलेलं चालेल का.