सागाच्या देव्हाऱ्याला पॉलिशचे हात

यावलकडचं धाब्याचं जुनं घर उतरवलं तेव्हा सागाच्या चांगल्या कड्या निघाल्या. त्यांचा मी देव्हारा केला. सुतारकाम लवकर उरकलं, खरा विचार पॉलिशचा होता.

चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं फ्रेंच पॉलिश सागाचा रंग जसा खुलवतं, तसं माझ्या मते दुसरं काहीच खुलवत नाही. पण त्यावर पाणी साचलं की पांढरा डाग पडतो, आणि देव्हाऱ्याला तर रोज पाणी, तेल, कुंकू लागणार. म्हणून खाली लाख आणि वर सिंगल पॅक पीयू, म्हणजे हार्डनर न मिसळता थेट लावायचं पॉलियुरेथेन व्हार्निश, असं ठरवलं. लाखही मेण काढलेलीच घेतली. मेण राहिलं तर पीयू धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात.

सागाच्या अंगच्या तेलामुळे व्हार्निश वाळायला फार वेळ घेतं. थिनरच्या फडक्याने लाकूड पुसत गेलो, फडक्यावर तांबूस डाग उमटायचे थांबेपर्यंत. मग लगेच लाखेचा पातळ हात दिला, म्हणजे उरलेलं तेल खालीच अडतं.

लाखेचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. पीयूचं तसं नाही, त्याला धरायला खरखरीतपणा लागतो. म्हणून प्रत्येक हात पुरता वाळू दिला आणि 320 चा पॉलिश पेपर हलका फिरवला. पांढरी भुकटी निघाली की वाळलंय. पेपरात चिकट गोळ्या अडकल्या तर अजून थांबायचं. मला मॅट हवं होतं, तरी खालचे हात ग्लॉसचेच दिले. मॅटमधली पूड थरावर थर चढली की लाकडाच्या रेषा धुरकटतात.

आमच्याकडे वैशाखात दुपारी थिनर भराभर उडतो, ब्रशचे ओरखडे तसेच राहतात, बुडबुडे येतात. गावातले म्हातारे पॉलिशवाले बाबा म्हणाले, "सकायना पारे हात मार भाऊ, दुपारले नको." तेच केलं. पावसाळ्याची वाट पाहिली नाही, कारण दमट हवेत लाख पांढुरकी पडते.

उरलेल्या लाकडातून भरीत ठेचायची बडगी, म्हणजे खोलगट लाकडी भांडं, केली. तिला व्हार्निश नाहीच, मुसळाच्या ठोक्याने त्याचे कपचे उडून भरतात जातील. फक्त खाण्याचं जवसाचं तेल जिरवलं. ते तेल पुसलेलं फडकं गोळा करून टाकू नका. वाळताना ते तापतं आणि आपोआप पेटूही शकतं. मोकळ्यावर पसरून वाळवा, मगच फेका.