तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरं उत्तर का टाकायचं?

वर्गसमीकरणांचा धडा सुरू झाला की ओळखीतल्या दहावीच्या मुलांचे, आणि आताशा त्यांच्या आईवडिलांचेही, मला फोन येतात. मी शिकवतो पदवीच्या वर्गाला क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांचं भौतिकशास्त्र, पण सोसायटीत मी ‘गणितवाले सर’. प्रश्न ठरलेला: “सर, उत्तरं दोन येतात, ताळा दोन्हींचा जुळतो. मग ‘वय ऋण नसते’ असं लिहून एक टाकून का द्यायचं? समीकरणाला तर ते चालतंय!”

चालतंच. वय म्हणजे काय, शेताची रुंदी म्हणजे काय, हे समीकरणाला ठाऊकच नसतं. ते आपल्याला ठाऊक असतं, म्हणून निवड आपण करायची. ही निवड म्हणजे शेवटची एक ओळ, असं शाळेत वाटतं. माझ्या विषयात सगळी गंमत त्या ओळीतच आहे.

आधी जुनं उदाहरण. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांची टोळी आहे. टोळीचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, वर्ग करा. तेवढी माकडं गुहेत शिरली. एक फांदीवर दिसतंय. टोळी केवढी? उत्तरं येतात 50 आणि 5. पन्नासाचं सरळ आहे: दहातून तीन गेले सात, वर्ग 49, फांदीवरचं एक. आता पाच घ्या. पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की उणे दोन, वर्ग चार. गुहेत चार, फांदीवर एक, एकूण पाच. हिशोब चोख! तरी भास्कराचार्य पाच नाकारतात. कारण काय देतात, तर प्रत्यक्षातली राशी ऋण झाली की लोकांना ते पटत नाही. गणित चुकलं, असं ते म्हणत नाहीत. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

आता इलेक्ट्रॉनकडे या. असे सूक्ष्म कण कसे वागतात ते सांगणारं श्रोडिंगरचं समीकरण 1926 सालचं. त्यातून एक आकडा नव्हे, अख्खी लाट काढायची असते, आणि तिच्यासोबत ऊर्जा. समजा इलेक्ट्रॉन एका डबीत कोंडलाय आणि भिंती अभेद्य आहेत. गंमत अशी, की नुसतं समीकरण पाहिलं तर हवी ती ऊर्जा घ्या, उत्तर मिळतंच. दोन काय, अनंत उत्तरं. मग आपण अट घालतो: भिंतीच्या पलीकडे इलेक्ट्रॉन नाही, म्हणून दोन्ही भिंतींपाशी लाट शून्य झाली पाहिजे. लाटेचे आकार दोन, साइन आणि कोसाइन; पहिल्या भिंतीपाशी कोसाइन शून्य नसतो म्हणून गळतो, साइन उरतो. दुसऱ्या भिंतीपाशी बहुतेक साइनही गळतात. डबीत अर्ध्या लाटा पूर्ण संख्येने मावतील तेवढेच राहतात, आणि ऊर्जा येतात सर्वात खालच्या ऊर्जेच्या 1, 4, 9, 16 पट. डबी एक नॅनोमीटर रुंद असेल तर सर्वात खालची सुमारे 0.38 इलेक्ट्रॉन व्होल्ट (एवढ्याशा ऊर्जा मोजायचं एकक). मधलं काही नाही. ज्याला आपण क्वांटम म्हणतो, म्हणजे ऊर्जा अशी ठरावीक पायऱ्यांनीच मिळणं, ते इथे सोडवण्यातून आलं नाही, गाळण्यातून आलं.

याच गणितात अर्ध्या लाटांच्या संख्येच्या जागी शून्य घातलं तर लाटच उरत नाही, म्हणजे डबी रिकामी, ते टाकायचं. आणि उणे एक घातलं तर? लाट फक्त उलटी होते, तिचा वर्ग तोच, आणि इलेक्ट्रॉन कुठे सापडेल याची शक्यता त्या वर्गावरूनच ठरते, म्हणून तीही तीच. म्हणजे इथे ऋण उत्तर चूकही नाही आणि नवीनही नाही, पहिलंच पुन्हा आलंय. पोरं इथे हमखास गोंधळतात.

आणि मग ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत ऊर्जेचा वर्ग मिळतो, वर्गमूळ काढलं की अधिक आणि उणे दोन्ही. जुन्या भौतिकशास्त्रात उणे खुशाल टाकता येत होतं, कारण तिथे ऊर्जा सलग बदलते आणि या दोन गटांमध्ये इलेक्ट्रॉनसाठी 1.02 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टची दरी आहे. अधिकात असलेला कण अधिकातच राहणार. क्वांटममध्ये दरी ओलांडून उडी मारता येते, त्यामुळे क्वांटम आणि सापेक्षता जोडणाऱ्या 1928 च्या डिरॅकच्या समीकरणात ती पळवाट बंद झाली. तो त्या नकोशा उत्तराचा अर्थ लावत बसला. आधी त्याला वाटलं प्रोटॉन असेल, ते जमेना. 1931 मध्ये त्याने इलेक्ट्रॉनएवढ्याच वस्तुमानाचा पण धन प्रभाराचा नवा कण सुचवला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात भौतिकशास्त्रज्ञ अँडरसनला अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांच्या फोटोत तो सापडला: पॉझिट्रॉन. कर्करोगाच्या रुग्णांचं पेट स्कॅन होतं ते याच कणाच्या जोरावर.

तेव्हा फोनवर मी मुलांना एवढंच सांगतो: दोन्ही उत्तरं लिही, आणि एक टाकताना ते का टाकलंस ते शब्दांत लिही. नुसतं ‘ऋण आहे म्हणून’ लिहिलंस तर बोर्डात मार्क मिळतील, माझ्या वर्गात मिळणार नाहीत.