इटालियनमध्ये न मिळणारा व्हेनिसचा कमिसारिओ

रिआल्तो पुलाजवळच्या पुस्तकांच्या दुकानात मी डोना लिऑन यांच्या कादंबऱ्या विचारल्या, तेव्हा दुकानदार बाईंनी परदेशी भाषांच्या कपाटाकडे बोट केलं. इंग्रजी होत्या, फ्रेंच होत्या, जर्मन तर दोन खण भरून. इटालियन एकही नाही. कारण इटालियनमध्ये त्या नाहीतच. व्हेनिसच्या पोलिस खात्यातल्या कमिसारिओ ग्विदो ब्रुनेत्तीवर १९९२ पासून साधारण वर्षाला एक कादंबरी येते आहे, आकडा तिशीच्या पुढे गेला आहे, पण इटालियन भाषांतर होऊ द्यायचं नाही, असं लेखिकेनंच ठरवून टाकलंय. आपण राहतो त्या गावात आपल्याला प्रसिद्धी नको, एवढंच त्यांचं कारण.

ब्रुनेत्ती मी कित्येक वर्षं वाचतेय. यंदा इटलीला जायचं ठरल्यावर रोम, फ्लॉरेन्स सगळं बाजूला ठेवून मी आणि ताई, म्हणजे माझी मावसबहीण, थेट व्हेनिसला उतरलो. ताईला मात्र हे इटालियनचं प्रकरण अजिबात पटलं नव्हतं. "ज्यांच्यावर लिहायचं त्यांनाच वाचता येऊ नये, हा कसला न्याय गं?" वाद पुढे बराच चालला.

लिऑन मूळच्या अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या, जन्म १९४२चा. इंग्रजी शिकवण्याच्या नोकऱ्या करत त्या जगभर फिरल्या. इराण, चीन, सौदी अरेबिया. इराणमध्ये असतानाच क्रांती झाली आणि त्या धावपळीत जेन ऑस्टेनवरच्या प्रबंधाचे कागद गेले. माणूस खचेल अशी गोष्ट. त्या १९८१च्या सुमारास व्हेनिसला आल्या आणि पुढची तीसेक वर्षं तिथेच राहिल्या. विचेन्झाच्या अमेरिकन लष्करी तळावर त्या मेरीलँड विद्यापीठाचे वर्ग घेत. दुसऱ्याच कादंबरीत कालव्यात सापडणारं प्रेत याच तळावरच्या अमेरिकन सैनिकाचं आहे आणि त्याच्या मागोमाग विषारी कचऱ्याचं प्रकरण बाहेर येतं, हे उगीच नाही.

आम्ही सुरुवात केली ला फेनिचे या ऑपेरागृहापासून. ऑपेरा हा लिऑन यांचा जीव की प्राण; हेंडेलच्या संगीताच्या ध्वनिमुद्रणांमागे त्या पुढे स्वतःचे पैसे घेऊन उभ्या राहिल्या. एकदा याच नाट्यगृहाच्या रंगपटात मित्रमंडळींच्या गप्पा चालल्या होत्या. वाद्यवृंद चालवणाऱ्या एका बड्या कंडक्टरबद्दल सगळे तावातावाने बोलत होते, आणि बोलता बोलता गाडी त्याला मारायचं तर कसं आणि कुठे, इथवर आली. त्यातून 'डेथ ॲट ला फेनिचे' झाली. 'ला त्राविआता' या ऑपेराच्या मध्यंतरात कॉफीतल्या सायनाइडनं एक जगप्रसिद्ध कंडक्टर मरतो, आणि अंक सुरू व्हायची वाट बघत प्रेक्षक बसून राहतात. पन्नाशीला आलेल्या शिक्षिकेची ही पहिली कादंबरी. तिला जपानचं सन्टोरी पारितोषिक मिळालं.

आम्ही पाहिलं ते लाल-सोनेरी नाट्यगृह मात्र कादंबरीतलं नव्हे. ते जुनं २९ जानेवारी १९९६च्या रात्री जळून गेलं. आग लावली होती तिथेच काम करणाऱ्या दोन इलेक्ट्रिशियननी. काम रेंगाळलं म्हणून दंड भरावा लागणार होता, तो टाळायला. आसपासचे कालवे गाळ काढायला कोरडे केलेले, त्यामुळे आग विझवणाऱ्या बोटी जवळ पोचू शकल्या नाहीत. पुन्हा होतं तसंच उभारून ते २००३च्या डिसेंबरात उघडलं. खालच्या रांगेत बसून वरचे सोनेरी कठडे पाहताना मला राहून राहून वाटत होतं की लिऑन यांची व्हेनिस अशीच आहे. खुनामागे कुणी राक्षस नसतो. एक ठेका असतो, एक मुदत, एक दंड.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळी बाजार. तिथे भिंतीवर एक संगमरवरी पाटी आहे. कुठला मासा किती सेंटिमीटरपेक्षा लहान विकायचा नाही, ते तिच्यावर कोरलंय. सार्डिन ७, वाम २५. अक्षरं झिजली आहेत पण वाचता येतात. खाली बर्फावर माखली, छोटे खेकडे, चकाकणारी सार्डिन. कोळी एकमेकांना हाका मारत होते आणि एक आजी शांतपणे एकेक मासा उलटून गिल बघत होत्या. ताई त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. एकमेकींची भाषा येत नसताना दोघींचं ताज्या मासळीवर एकमत झालं! ब्रुनेत्ती दुपारी घरी जेवायला जातो, ते याच बाजारातलं. त्याची बायको पाओला विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवते, उत्तम स्वयंपाक करते, आणि जेवणाच्या टेबलावर त्याला नैतिक पेचात पकडते. मला या कादंबऱ्यांतली खरी उलटतपासणी तिथेच होते असं वाटतं.

बाजारामागे सान पोलोचा भाग. ब्रुनेत्तीचं घर याच भागात, वरच्या मजल्यावर. 'फ्रेंड्स इन हाय प्लेसेस'ची सुरुवात मला सगळ्यात आवडते. शनिवारी दुपारी नगररचना खात्यातला एक तरुण कारकून दार वाजवतो आणि नम्रपणे सांगतो की तुमचा फ्लॅट कागदोपत्री कुठेच नाही. मजला विनापरवाना चढवलेला! पुण्या-ठाण्यात राहणाऱ्या कुणालाही पुढचं समजावून सांगावं लागणार नाही. पोलिस अधिकाऱ्याच्या मनातही पहिला प्रश्न येतो तो ओळख कुणाची लावायची हाच. आणि काही महिन्यांनी तोच प्रामाणिक कारकून एका इमारतीच्या परांचीखाली पडलेला सापडतो.

सान पोलोतल्या माना वर करून बघाव्या लागणाऱ्या गच्च्या पाहत मी ताईला म्हटलं, असं लिहायला कारकुनाला, कोळ्याला, शेजारणीला तुमच्यासमोर मोकळेपणानं बोलता आलं पाहिजे. गाव एवढंसं, सगळे पायी हिंडणारे, दिवसातून दोनदा तोच माणूस भेटणार. बाई आपल्यावर लिहिते हे कळलं की संपलं. ताई म्हणाली, "हे मान्य. पण तिथल्या माणसांचं देणं लागतेच की ती." तिचंही खरं आहे. मी तरीही लिऑन यांच्या बाजूची.

मात्र तेवढ्यानं त्यांचं गाव त्यांना राहिलं नाही. काम्पो सान बार्तोलोमेओ या चौकातल्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत आकडा लावलेला असतो, व्हेनिसच्या जुन्या शहरभागाची लोकसंख्या. १९५१मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात होती. आता पन्नास हजारांच्या खाली आहे. त्या काचेसमोर आम्हाला गर्दीत धड उभं राहता येईना. कादंबऱ्यांमध्येही ब्रुनेत्तीचा राग वाढत जातो. क्रूझ जहाजांवर, मुखवट्यांच्या दुकानांवर, जिथे पूर्वी किराणा मिळायचा तिथल्या स्मरणवस्तूंवर. मोठ्या जहाजांना ज्यूदेक्का कालव्यात २०२१पासून बंदी आहे, पण गर्दी हटलेली नाही. लिऑन व्हेनिस सोडून स्वित्झर्लंडला गेल्या आणि आता तिथल्या नागरिक आहेत. पुस्तकं अजून व्हेनिसचीच लिहितात.

म्हणून शेवटचा दिवस खाडीतल्या सान्त'एरास्मो बेटाला दिला. फोन्दामेन्ते नोव्हेच्या धक्क्यावरून १३ नंबरची बोट. शेतं, जांभळ्या आर्टिचोकचे वाफे, सायकली, कुत्री. 'अर्थली रिमेन्स'मध्ये थकलेला ब्रुनेत्ती इथेच सुटीला येतो, एका म्हाताऱ्या मधपाळाबरोबर वल्ही मारतो, आणि मधमाश्या मरताहेत म्हणजे पाण्यात काहीतरी कालवलं गेलंय हे हळूहळू उमगत जातं. खाडीचं इतकं नेमकं, इतकं जीव लावून केलेलं वर्णन मी इतर कुठल्या रहस्यकथेत वाचलेलं नाही.

वाचायला घ्यायचं तर पहिली कादंबरी घ्या, मग 'फ्रेंड्स इन हाय प्लेसेस', मग 'अर्थली रिमेन्स'. व्हेनिसला जाणार असाल तर मासळी बाजार रविवार-सोमवारी बंद असतो, तेवढं बघून तिकीट काढा.