पोच मिळाली, कार्ड अजून नाही

गुरुवार, रात्री उशिरा

आज इथल्या, जर्मनीतल्या, परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग मिळालं. अर्जाचा निकाल लागेपर्यंत तुमचा जुना परवाना चालू आहे असं धरणारा हा घडीचा कागद. खरं कार्ड कधी येईल हे काउंटरवरच्या बाईंनाही सांगता आलं नाही. तरी रस्त्यावर येऊन आधी बाबांना फोन लावला.

बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, सांगलीला. धाकटा रोज विचारतो, "ताई, तू येतेस की नाही तेवढं सांग, म्हणजे मी रजा टाकतो." आणि मला हो म्हणता येत नव्हतं. माझ्या ब्लू कार्डाची, म्हणजे इथे राहून नोकरी करायच्या परवान्याची, मुदत उन्हाळ्यातच संपली.

अर्ज मात्र वेळेत होता. ब्लू कार्डवाल्यांना बी-१ पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनी, अगदी सुरुवातीच्या ए-१ पातळीवर २७ महिन्यांनी कायमच्या वास्तव्याचा परवाना मागता येतो. तेवढे महिने पेन्शनचे हप्ते भरलेले लागतात. पगारपत्रकं, पेन्शन खात्याचा उतारा, भाडेकरार, जर्मनीतल्या जीवनाविषयीच्या ३३ प्रश्नांच्या परीक्षेचा निकाल, सगळं ऑनलाइन जोडलं होतं. त्यानंतर कार्यालयाकडून आला तो फक्त आपोआप जाणारा ईमेल, अर्ज मिळाल्याचा.

तो ईमेल मी छापून पासपोर्टात ठेवला. बाबांची नोकरी जिल्हा परिषदेतली. अर्जाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, हे त्यांनी आम्हाला शाळेच्या दाखल्यापासून शिकवलंय. इथे ते जसंच्या तसं लागू पडलं. वास्तव्य कायद्याचं कलम ८१ सांगतं की मुदत संपायच्या आत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालूच राहतो, नोकरीच्या हक्कासकट. ही तरतूद मला मनापासून न्याय्य वाटते. कार्यालयाला उशीर झाला म्हणून माणूस बेकायदा ठरत नाही.

पण कायदा कार्यालयापुरताच कळलेला असतो. बँकेतल्या माणसाला कार्डावरची तारीख दिसते, घरमालकाला तीच दिसते, मुंबईच्या विमानतळावर चेक-इनला बसलेल्या मुलीलाही तीच दिसणार. आमच्या ओळखीतला नागपूरचा एक मुलगा, त्याला त्याच्या कंपनीने कार्डाची मुदत संपली म्हणून कामावर येऊ नको सांगितलं. अर्ज वेळेत केलेला, पोच हातात, काम करायचा हक्क शाबूत, आणि पोरगा भाड्याच्या खोलीत पगाराविना बसून. याचा मला फार राग येतो. तीन महिने निर्णय झाला नाही तर प्रशासकीय न्यायालयात जाता येतं, हे खरं. पण नवख्या देशात, तुटक्या जर्मनमध्ये, ज्या कार्यालयाच्या हातात आपलं सगळं आहे त्याच्याविरुद्ध उभं राहायला किती जण धजावतील?

म्हणून आजच्या कागदाचं मोल. आतल्या पानावर तीन चौकटी आहेत आणि सगळं त्यातल्या खुणेवर ठरतं. त्याच कलम ८१ च्या उपकलम ३ च्या पहिल्या वाक्याच्या चौकटीत खूण असेल तर इथे राहता येतं, पण बाहेर गेलात तर तेवढ्या कागदावर परत येता येत नाही. उपकलम ४ ची खूण असेल तर जाऊन परत येता येतं. मी काउंटरवरच, मागे रांग असतानाही, कागद उघडून खूण बघितली. उपकलम ४. बाईंनी बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाल्या, जुनं कार्ड फेकू नका, दोन्ही सोबत ठेवा. चांगल्या वाटल्या. त्यांच्या टेबलावरच्या फायलींची चळत पाहिली तर त्यांनाही माणसं कमीच पडत असणार.

तिकीट थेट जर्मनीत उतरणाऱ्या विमानाचंच काढलं, महाग पडलं तरी. वाटेत तिसऱ्याच देशात कुणाला हा कागद समजावत बसायचं नाही. बाबा म्हणाले, "कागदाची एक प्रत माझ्याकडेही पाठव." पाठवली.

नागपूरच्या मुलालाही आत्ताच मेसेज केला: पोच आणि कलम ८१ चा मजकूर दोन्ही छापून उद्या एचआरकडे जा, मी फोनवर थांबते. तुझ्या फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंगसाठी कार्यालयाला लिहायचं पत्रही उद्याच बसून करू.