फी भरली एकदाची!

आज दूरशिक्षणाच्या प्रवेशाची फी भरली. ओटीपी टाकला आणि ते गोल चक्र फिरायला लागलं. ‘मागे जाऊ नका, रिफ्रेश करू नका’ अशी वर तंबी. पैसे खात्यातून गेले, पोर्टलवर मात्र ‘पेंडिंग’! अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा भरायचे नसतात, हे पाठ आहे. तरी हात शिवशिवतात हो. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घेतला आणि मुकाट्याने दुसऱ्या कामाला लागले. संध्याकाळी पावती आली.

पावती नीट वाचली. ही फक्त नोंदणीची, परीक्षा फी पुढे वेगळी भरायची. म्हणजे हे चक्र पुन्हा बघायचंय.

कॉलेजात फी भरली की निदान एक बाक मिळतो. इथे मिळाला लांबलचक नोंदणी क्रमांक, पण मला तो मनापासून आवडला. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच बाहेरून अभ्यास करणाऱ्यांना पदवी परीक्षा खुली केली होती. तेव्हाचे विद्यार्थी पैसे पाठवल्यावर पोचपावतीसाठी टपालाची किती वाट बघत असतील! माझं तर संध्याकाळपर्यंतच धाबं दणाणलं होतं.

‘घरीच तर असतेस, करशील की अभ्यास’ हे वाक्य आज दोघांकडून ऐकलं. घरी असणं म्हणजे मोकळं असणं नव्हे, हे कोणत्या विषयात शिकवतात?

असो. यंदा अर्थशास्त्राला कुणी प्रवेश घेतला असेल तर मेसेज करा, ग्रुप काढूया.